आज्ञापत्रातील दोन शासनव्यवस्था : गडावरचा नियम आणि गावातील वतन

प्रास्ताविक

मराठ्यांच्या राज्यकारभाराचा अभ्यास ज्या मोजक्या ग्रंथांच्या आधारे केला जातो, त्यांत रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’चे स्थान वरचे आहे. इतिहास, राज्यशास्त्र, मराठी आणि लोकप्रशासन अशा निरनिराळ्या विषयांच्या अध्यापनात या ग्रंथाचा उल्लेख येतो. इतिहासाचे अध्यापक त्यातील दुर्गप्रकरण शिकवितात, राज्यशास्त्राचे अध्यापक राजधर्म आणि प्रधान यांविषयीचे विवेचन निवडतात, तर मराठीचे अध्यापक अठराव्या शतकाच्या आरंभीच्या गद्याचा नमुना म्हणून त्याकडे पाहतात. प्रत्येकाची निवड आपापल्या परीने योग्यच असते. तथापि या विभागणीमुळे ग्रंथाचे सुटे सुटे उपदेश तेवढे विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचतात. त्या उपदेशांमागील विचार एकसंध आहे की त्यात कोठे तडा आहे, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

प्रस्तुत लेखात हाच प्रश्न विचारला आहे. आज्ञापत्रात राज्यकारभाराच्या दोन भिन्न कल्पना शेजारी शेजारी नांदताना दिसतात. गड आणि आरमार यांविषयी लिहिताना ग्रंथकार माणसाच्या स्वभावावर विसंबत नाही. तो पदे, मुदती, हिशेब आणि वेतन यांची रचना करतो. वतनदारांविषयी लिहिताना मात्र तो कोणतीही रचना सुचवीत नाही. राजाच्या चातुर्यावर सर्व भार टाकून मोकळा होतो. ही विसंगती लेखनातील ढिलाईतून आलेली नसून ती त्या काळातील मराठी राज्याच्या घडणीतच होती, असे या लेखाचे प्रतिपादन आहे.

ग्रंथ आणि त्याचा काळ

आज्ञापत्राची रचना इ. स. १७१५-१६ च्या सुमाराची. करवीरकर संभाजीराजांच्या नावाने काढलेल्या राजाज्ञेचे रूप त्यास दिलेले आहे. उपलब्ध ग्रंथात नऊ प्रकरणे आहेत. आरंभी शिवछत्रपतींपासूनचा राज्याचा वृत्तान्त, पुढे राजधर्म, प्रधान, सावकार, वतनदार, वृत्ती व इनाम, दुर्ग आणि अखेरीस आरमार असा त्याचा क्रम आहे. श्री. व्यं. पुणतांबेकर यांनी १९२९ मध्ये त्याचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केल्यावर मराठी न जाणणाऱ्या अभ्यासकांनाही हा ग्रंथ उपलब्ध झाला.

ग्रंथकाराचा अनुभव विलक्षण दीर्घ होता. नीळो सोनदेवांचे हे पुत्र १६७४ मधील राज्याभिषेकाच्या वेळी अष्टप्रधानांत होते. अमात्य म्हणजे पूर्वीच्या परिभाषेत मुजुमदार. राज्याचा जमाखर्च पाहणारा प्रधान. शिवाजी, संभाजी, राजाराम, ताराबाईंच्या कारकिर्दीतील दुसरा शिवाजी आणि करवीरकर संभाजी अशा पाच कारकिर्दी त्यांनी पाहिल्या. १६८९ मध्ये राजाराम महाराज जिंजीकडे गेले, त्या वेळी महाराष्ट्रातील कारभार ‘हुकूमतपन्हा’ या किताबासह रामचंद्रपंतांकडे सोपविण्यात आला. १७१४ मध्ये ताराबाईंची सत्ता जाऊन संभाजी गादीवर आले, त्यानंतर थोड्याच अवधीत हा ग्रंथ सिद्ध झाला.

हा काळ ध्यानात घेतला म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. आज्ञापत्र हा शिवकालीन राज्यव्यवस्थेचा समकालीन अहवाल नव्हे. शिवछत्रपतींच्या निधनानंतर पस्तीस वर्षांनी, राज्याच्या सातारा आणि करवीर अशा दोन गाद्या झाल्या असताना, एका वृद्ध प्रधानाने तो लिहिलेला आहे. त्यातील नियमांपैकी बऱ्याच नियमांचे मूळ शिवकालात असेल; परंतु ते नियम लिहून ठेवण्याची निकड १७१५ ची आहे. जे सहज चालते ते कोणी आज्ञा म्हणून लिहीत नाही.

गडावरचे राज्य

दुर्गप्रकरण हा या ग्रंथाचा सर्वांत परिपूर्ण भाग होय. गडासाठी जागा कशी निवडावी, जवळ त्याहून उंच अथवा मारा करण्याजोगी टेकडी नसावी, पाण्याची खात्री झाल्याखेरीज बांधकामास हात घालू नये, दरवाजे व चोरवाटा कशा असाव्यात, दारूखाना वस्तीपासून दूर का असावा, इथपासून गडावरचा केरकचरा जाळून त्याची राख परसातील भाजीपाल्यास घालावी इथपर्यंतचा तपशील त्यात येतो. या तपशिलाची प्रशंसा पुष्कळ झाली आहे. प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची आहे ती गडावरील अधिकाऱ्यांची रचना.

गडाचा अधिकार एका हाती दिलेला नाही. हवालदार, सरनोबत, सबनीस आणि कारखानीस यांची कामे वेगळी आहेत. एकाकडे हुकूम व किल्ल्या, दुसऱ्याकडे शिबंदी, तिसऱ्याकडे हजेरी व कागद, चौथ्याकडे कोठाराचा साठा अशी साधारण वाटणी दिसते. सभासदाच्या बखरीतही गडावरील प्रमुख अधिकारी समान दर्जाचे असून त्यांनी मिळून कारभार करावा, अशी व्यवस्था सांगितली आहे. आज्ञापत्र त्याला बदलीचा नियम जोडते. तीन ते पाच वर्षांच्या अंतराने हे अधिकारी बदलले जावेत, आणि सर्वांची बदली एकाच वेळी होऊ नये यासाठी पदागणिक मुदती वेगळ्या असाव्यात, अशी ती योजना आहे. एके ठिकाणी फार काळ राहिलेल्या माणसाचे हितसंबंध तेथे रुजतात, ही त्यामागील जाणीव होय.

या रचनेत अविश्वास आहे, परंतु तो कोणा व्यक्तीविषयीचा नाही. हवालदार लबाड आहे असे ग्रंथकार म्हणत नाही. हवालदार कोणीही असो, त्याच्या शेजारी कागद ठेवणारा दुसरा असावा आणि दोघांनाही आपण येथे कायमचे नाही याची जाणीव असावी, एवढेच तो पाहतो. अविश्वासाला पदांच्या रचनेत बसविले की तो अपमान राहत नाही. तो कारभाराचा नियम होतो. आधुनिक लोकप्रशासनात अंतर्गत नियंत्रण म्हणून जे शिकविले जाते, त्याची ही जाण आहे.

ग्रंथकाराला हा धडा अनुभवाने मिळाला असला पाहिजे. १७०० ते १७०४ या काळात सातारा, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड आणि तोरणा हे किल्ले एकापाठोपाठ औरंगजेबाच्या हाती गेले. तोरण्यासारखा अपवाद सोडला तर यांतील बहुतेक किल्ले वेढ्यानंतरच्या वाटाघाटीतून गेले, आणि काहींच्या बाबतीत किल्ला खाली करण्यासाठी रक्कम मोजली गेली. त्यांपैकी अनेक पुढे अल्पावधीत परतही घेतले गेले. तटाच्या मजबुतीइतकाच तटाच्या आतील माणसांचा बंदोबस्त निर्णायक असतो, हे या काळातील प्रधानाला कोणी शिकवावे लागले नसेल.

आरमार आणि वेतनाचा प्रश्न

आरमाराच्या प्रकरणातही हीच दृष्टी आढळते. पाच गुराबा आणि पंधरा गलबते मिळून एक सुभा, त्यावर अधिकारी, आणि सर्वांवर एक मुख्य अशी रचना त्यात सांगितली आहे. परंतु ग्रंथकाराचा खरा भर वेतनावर आहे. आरमाराच्या लोकांचे वेतन नियमित व रोख पोहोचावे, ते बंदरातील उत्पन्नावर परभारे लावून देऊ नये, असा त्याचा आग्रह आहे. वेतनासाठी बंदराच्या उत्पन्नावर वरात दिली तर आरमाराचा अधिकारी व्यापाऱ्यांना त्रास देईल, व्यापारी बंदर सोडतील आणि उत्पन्नाचे मूळच आटेल, ही कारणपरंपरा तो मांडतो.

हा प्रश्न जुना होता. प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याने आरमारासाठी नेमून दिलेला ऐवज वेळेवर पोहोचविला नाही, म्हणून शिवछत्रपतींनी १६७५ मध्ये त्याला लिहिलेले कडक पत्र प्रसिद्ध आहे. त्या पत्रात एका अधिकाऱ्याच्या कसुरीबद्दलची कानउघाडणी आहे. आज्ञापत्रात तिचे रूपांतर सर्वसाधारण नियमात झाले आहे. पत्रापासून नियमापर्यंतचा हा प्रवास राज्यकारभाराच्या इतिहासात फार महत्त्वाचा असतो. पत्र लिहिणारा राजा गेला तरी नियम उरतो.

जहाजबांधणीच्या लाकडाविषयीचा प्रसिद्ध मजकूर याच प्रकरणात येतो. सागवानादी झाडे लागतील तेवढी परवानगीने तोडावीत. आंबा, फणस यांसारखी झाडे मात्र रयतेने वर्षानुवर्षे वाढविलेली असल्याने त्यांना हात लावू नये. एखादे जीर्ण झाड घ्यावयाचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. पर्यावरणदृष्टीचा पुरावा म्हणून हा मजकूर आज वारंवार सांगितला जातो. संदर्भासह वाचला असता त्याचा रोख अधिक नेमका दिसतो. येथे प्रश्न सरकारी कामाच्या नावाखाली रयतेची मालमत्ता विनामोबदला घेण्याचा आहे. आरमाराचे लोक व्यापाऱ्याला नाडू नयेत म्हणून रोख वेतन आणि रयतेला नाडू नयेत म्हणून झाडाचे मोल, असे हे दोन्ही नियम एकाच विचारातून निघालेले आहेत.

गावातील वतन

दुर्ग आणि आरमार यांच्या आधी येणारे वतनदारांचे प्रकरण उघडले की स्वर बदलतो. देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी हे नावाला प्रजा असले तरी प्रत्यक्षात लहानमोठे सत्ताधीशच आहेत, राज्यातील वाटेकरी आहेत, असे ग्रंथकार मानतो. आहे त्यात ते संतुष्ट राहत नाहीत. शेजाऱ्याचे बळकावून बळावू पाहतात. परचक्र आले की वतन वाचविण्यासाठी शत्रूशी आधी संधान बांधतात आणि आपल्या बाजूचे भेद त्यास देतात. मोगल-मराठा संघर्षाच्या पंचवीस वर्षांत हे सारे घडलेले होते. निदान इतके अचूक आहे की त्यात आजही बदल सुचविता येऊ नये.

परंतु निदानानंतर उपाय काय? वतने काढून घेणे न्याय्य नव्हे आणि शक्यही नव्हे. त्यांना मोकळे सोडणेही घातक. म्हणून वतनदारांना लोभ आणि दंड या दोहोंच्या मध्ये ठेवावे, हा ग्रंथकाराचा निष्कर्ष आहे. येथे वाचकाने थांबावयास हवे. हा उपाय आहे की मनोवृत्ती आहे? गडावरच्या हवालदारासाठी मुदत आहे, देशमुखासाठी नाही. हवालदाराच्या शेजारी सबनीस आहे. देशमुखाशेजारी सरकारचा कोणता अधिकारी कोणत्या अधिकाराने उभा राहील, याची मांडणी या प्रकरणात नाही. दंड केव्हा आणि लोभ केव्हा हे ठरविणारा एकटा राजा. तो शहाणा असेल तर व्यवस्था चालेल. तो अल्पवयीन, दुर्बळ किंवा दूर असेल तर काय, या प्रश्नाचे उत्तर ज्या प्रधानाने अशा अवस्थेतील राज्य प्रत्यक्ष चालविले, त्याच्याच ग्रंथात नसावे, हे विशेष आहे.

हा अभाव कल्पनाशक्तीचा नव्हता. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९० च्या दशकात जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत वतनदारांविषयीचा शिवकालीन उपाय सांगितला आहे. जमिनीची मोजणी करावी. पिकाच्या पाच वाट्यांपैकी तीन रयतेस आणि दोन सरकारास असे प्रमाण ठरवावे. देशमुखांनी गावातून मनमानी वसुली करावी ही रीत मोडून त्यांचे हक्क नेमून द्यावेत. त्यांचे कोट, वाडे व हुडे पाडावेत, असे त्या वर्णनाचे सार आहे. सभासदही गतकाळाकडे गौरवाने पाहत होता, हे मान्य करून त्याच्या वर्णनातून काही वजावट केली पाहिजे. शिवछत्रपतींनी वतनसंस्था समूळ नष्ट केली असे म्हणण्यास आधार नाही, हेही अ. रा. कुलकर्णी यांच्यासारख्या अभ्यासकांच्या संशोधनातून स्पष्ट झाले आहे. तरीही सभासदाने सांगितलेला उपाय संस्थात्मक आहे. मोजणी, नेमणूक आणि सरकारी कमाविसदार यांच्या साहाय्याने वतनदाराला मर्यादेत ठेवण्याची ती पद्धती आहे. दोन दशकांनंतरच्या आज्ञापत्रात, त्याच विषयावरील स्वतंत्र प्रकरणात, त्या पद्धतीची जागा राजाच्या चातुर्याने घेतलेली आहे.

ग्रंथकार आणि इनाम

याचे उत्तर पुढच्या, म्हणजे वृत्ती व इनाम यांच्या प्रकरणात शोधावे लागते. तेथे लिहिणारा माणूस स्पष्टपणे हिशेबाचा प्रधान आहे. सेवकाला सेवेबद्दल वेतन मिळते. पराक्रम केला तर त्याला बक्षीस द्यावे, पदोन्नती द्यावी. परंतु जमीन वंशपरंपरेने देऊ नये. दिलेली जमीन राज्याच्या जमेतून कायमची वजा होते. असे देत गेल्यास राज्य क्षीण होत जाते आणि अखेर राजा म्हणवून घेण्यास काही उरत नाही. धर्मादाय म्हणून दिलेल्या वृत्तींचा विचार तो निराळा करतो. सेवेचा मोबदला म्हणून भूमिदान मात्र त्याला साफ अमान्य आहे.

हा विचार कोणत्या परिस्थितीत लिहिला गेला ते पाहावे. १६८९ नंतर मराठी राज्याकडे खजिना उरला नव्हता. मोगल बादशहा मनसब व वतने देऊ करीत होता. माणसे टिकवावयाची तर त्याच नाण्यात मोल चुकविणे भाग होते, आणि ते नाणे म्हणजे जमीन व तिच्यावरील हक्क. १६९१ मध्ये राजाराम महाराजांनी घोरपडे बंधूंना दिलेल्या आश्वासनात रायगडापासून थेट दिल्लीपर्यंतच्या विजयाच्या टप्प्यांवर नेमणुका बांधलेल्या आहेत. हातात नसलेल्या मुलखाच्या भरवशावर माणसे जोडण्याचा तो मार्ग होता, आणि त्याने राज्य वाचविले हेही खरे. या काळात महाराष्ट्रात वतने व इनामे देण्याघेण्याचा व्यवहार ज्यांच्या हातून झाला, त्यांत हुकूमतपन्हा रामचंद्रपंत अग्रभागी होते. इतकेच नव्हे, तर त्यांच्या घराण्याकडे बावड्याची जहागीर आली आणि ती वंशपरंपरेने विसाव्या शतकापर्यंत चालली.

ज्या अमात्याने सेवकास भूमी देऊ नये असे लिहिले, तोच सेवेबद्दल भूमी मिळालेल्या घराण्याचा मूळपुरुष आहे. एवढ्यावरून त्याच्यावर दांभिकतेचा आरोप करणे सोपे आहे, परंतु त्याने समीक्षेचे काम होत नाही. देणारा आणि घेणारा या दोन्ही बाजूंनी तो व्यवहार पाहिल्यामुळेच त्याचे निदान अचूक झाले. आणि त्या व्यवहारात स्वतः गुंतलेला असल्यामुळेच त्याला त्यावर संस्थात्मक उपाय लिहिता आला नाही. देशमुखावर मुदत आणि हिशेब यांचे बंधन घालावयाचे तर ते जहागीरदारावरही घालावे लागते, आणि तेथे प्रधानाचे स्वतःचे घर येते.

न लिहिलेले प्रकरण

आज्ञापत्रात घोडदळावर स्वतंत्र प्रकरण नाही, हे अभ्यासकांच्या नजरेस सहज येते. त्याहून अर्थपूर्ण अभाव महसुलाच्या प्रकरणाचा आहे. जमीन कशी मोजावी, सारा कसा ठरवावा, तो कोणी वसूल करावा आणि खजिन्यात कसा आणावा, याची व्यवस्था सांगणारे प्रकरण उपलब्ध ग्रंथात नाही. अमात्याच्या ग्रंथात ते नसावे याचे आश्चर्य वाटते.

या अभावाच्या जागीच लेखाच्या आरंभी सांगितलेल्या दोन व्यवस्था एकमेकींना भिडतात. गडावरचा हवालदार बदलता येतो, कारण तो पगारी आहे. आरमाराचा अधिकारी व्यापाऱ्याला नाडत नाही, कारण त्याला रोख वेतन मिळते. म्हणजे नियमांचे हे सारे राज्य रोख रकमेवर उभे आहे. रोख रक्कम खजिन्यातून येते, खजिना गावातून भरतो आणि गाव वतनदाराच्या हाती आहे. गडावरचा नियम गावातील वतनावर अवलंबून आहे. वतनदार बळावला की वसूल घटतो, वसूल घटला की वेतन थकते, वेतन थकले की त्याऐवजी जमीन द्यावी लागते, आणि जमीन दिली की आणखी एक वतनदार निर्माण होतो. या साखळीच्या निरनिराळ्या कड्या आज्ञापत्राच्या निरनिराळ्या प्रकरणांत विखुरलेल्या आहेत. ग्रंथकाराने त्या एकत्र जोडलेल्या नाहीत. वाचकाने जोडावयाच्या आहेत.

परदेशी व्यापाऱ्यांविषयीचा त्याचा इशाराही या साखळीच्या प्रकाशात वाचता येतो. टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, म्हणून त्यांना समुद्रकिनाऱ्यावर वा खाडीलगत जागा देऊ नये, इमारती बळकट बांधू देऊ नयेत, असे तो सांगतो. जमिनीवर एकदा हक्क दिला की तो परत घेता येत नाही, हा वतनदारांबाबत आलेला अनुभव येथे परकीयांना लावलेला आहे. आपल्या माणसांबाबत जे साधले नाही ते परक्यांबाबत तरी आरंभीच टाळावे, अशी ही दूरदृष्टी होय.

त्याच वेळी साताऱ्यास घडत असलेल्या घडामोडी या दृष्टीने उद्बोधक आहेत. बाळाजी विश्वनाथ १७१३ मध्ये पेशवे झाले. १७१९ मध्ये त्यांनी दिल्लीहून चौथाई, सरदेशमुखी व स्वराज्याच्या सनदा आणल्या. चौथाईच्या उत्पन्नातील चौथा भाग राजबाबती, उरलेला मोकासा. त्यातून पंत सचिवांस सहोत्रा, राजाच्या मर्जीनुसार नाडगौडा आणि बाकीचा सरदारांस, अशी वाटणी पुढे रूढ झाली. सरदेशमुखी तर मूळचीच वतनाची परिभाषा. म्हणजे करवीरच्या प्रधानाने ज्याला राज्याचा रोग म्हटले, त्याच वाटेकरीपणाला साताऱ्याच्या प्रधानाने राज्याच्या विस्ताराचे साधन केले. दोघांपुढील परिस्थिती एकच होती. विस्तार साताऱ्याच्या मार्गाने झाला. त्या विस्ताराची किंमत काय असेल, हे करवीरच्या ग्रंथात आधीच लिहिलेले होते.

पूर्वीची वाचने

न्या. म. गो. रानडे यांनी १९०० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मराठी सत्तेच्या उत्कर्षावरील ग्रंथात शिवछत्रपतींच्या मुलकी व्यवस्थेची जी चौकट उभी केली, तिच्यात रोख वेतन आणि पदे वंशपरंपरागत न करणे यांना मध्यवर्ती स्थान आहे. पेशवेकाळात या तत्त्वांपासून राज्य ढळले व म्हणून त्याचा ऱ्हास झाला, असा त्या मांडणीचा रोख आहे. सुरेंद्रनाथ सेन यांच्या १९२३ मधील मराठ्यांच्या प्रशासनव्यवस्थेवरील ग्रंथाने या विषयाला साधनांची भक्कम बैठक दिली. आपल्या पाठ्यपुस्तकांत आज्ञापत्राचे जे वाचन होते ते बहुतांशी रानडे यांच्या चौकटीतील आहे. नियम शिवकालाचे, स्खलन नंतरचे.

याउलट आंद्रे विंक यांनी १९८६ मधील आपल्या ग्रंथात भूमी आणि सार्वभौमत्व यांचा संबंध तपासताना आज्ञापत्रातील वतनदारविषयक विवेचनाला महत्त्व दिले. हक्कांची वाटणी आणि फितवा ही राज्यव्यवस्थेची विकृती नसून तिची चालण्याची रीतच होती, असे त्यांचे प्रतिपादन आहे. या प्रतिपादनाने ऱ्हासाच्या नैतिक कथेतून अभ्यासाची सुटका केली, हे त्याचे मोठे श्रेय होय.

तथापि दोन्ही वाचनांत ग्रंथाचा अर्धा भाग मागे पडतो. रानडे यांच्या चौकटीत दुर्गप्रकरणाचा नियम दिसतो. परंतु तो नियम लिहिणाऱ्याची वतनदारांपुढील हतबलता दिसत नाही. विंक यांच्या चौकटीत वाटेकरीपणा दिसतो. परंतु त्याच काळात, त्याच लेखणीने, वाटेकरीपणाबाहेरची पगारी, बदलीयोग्य आणि हिशेबी व्यवस्था तपशिलाने लिहिली गेली, याचे वजन कमी होते. फितवा हीच राज्याची रीत असती तर तिच्याविरुद्ध इतक्या बारकाईने नियम लिहिण्याची गरज एका अनुभवी प्रधानाला वाटली नसती. रीत आणि तिच्याविषयीची अस्वस्थता अशा दोन्ही गोष्टी ऐतिहासिक वस्तुस्थितीच आहेत.

ग्रंथाच्या भाषेतही हे दुहेरीपण उमटले आहे. राजधर्माच्या विवेचनात संस्कृत नीतिपरंपरेची पदावली येते; प्रत्यक्ष कारभाराकडे वळताच हवालदार, सबनीस, कारखानीस, इनाम असे फारसी वळणाचे आणि आरमारासारखे पोर्तुगीज मूळ असलेले शब्द येतात. कौटिल्याचे अर्थशास्त्र शामशास्त्री यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध करेपर्यंत विद्वानांस ते केवळ उल्लेखांतूनच ठाऊक होते. त्यामुळे अमात्याची तुलना कौटिल्याशी करताना प्रभावाची भाषा वापरणे धोक्याचे आहे. आज्ञापत्रातील उत्तम भाग ग्रंथातून आलेला नसून दफ्तरातून आलेला आहे.

समारोप

आज्ञापत्राचे मोठेपण त्यातील नियमांच्या संख्येत नसून प्रत्येक नियमाला जोडलेल्या कारणात आहे. हे कारण देण्याची सवय जेथे सुटते, तेथेच ग्रंथ दुबळा होतो, आणि ती नेमकी वतनदाराच्या दारात सुटते. म्हणून हा ग्रंथ शिकविताना दुर्गप्रकरण एकटे शिकविणे पुरेसे नाही. वतनदार, इनाम आणि दुर्ग ही तीन प्रकरणे एकत्र वाचावयास दिली, त्यांच्यासोबत सभासदाचा महसूलविषयक मजकूर ठेवला आणि ग्रंथाचे वर्ष फळ्यावर लिहिले, तर विद्यार्थ्याला राज्यकारभार हा सुभाषितांचा संग्रह नसून हितसंबंधांशी चाललेला झगडा आहे, हे समजू शकेल. शिवछत्रपतींच्या राज्यव्यवस्थेविषयी आदर बाळगणाऱ्याने या ग्रंथातील तडा झाकण्याचे कारण नाही. ती व्यवस्था टिकविणे किती कठीण होते, हे त्या तड्यातूनच कळते.

लोभ आणि दंड यांच्या मध्ये ठेवलेल्या वतनाचा प्रश्न पुढे दोन शतके तसाच राहिला. ज्या करवीर गादीच्या नावाने आज्ञापत्र निघाले, त्याच गादीवरील राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्याचा निर्णय घेतला. स्वातंत्र्यानंतर १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातील परगणा व कुलकर्णी वतने, १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगारांची वतने आणि १९६२ च्या कायद्याने महाराष्ट्रातील मुलकी पाटलांचे पद संपुष्टात आले. मुदत, बदली, हिशेब आणि रोख वेतन हे आज्ञापत्राने गडावर लिहिलेले नियम अखेर गावाच्या चावडीपर्यंत पोहोचण्यास सुमारे अडीचशे वर्षे लागली.